तोमोयाच्या बापाचं काय?

'क्लॅनाड' बघून आपण रडलो नाही असं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ॲनिमे बघणाऱ्या कुणालाही विचारा, "सगळ्यात जास्त कशावर रडलास?" पहिल्या तीन-चार नावांत हे नाव येतंच. जपानी इंटरनेटवर तर 'क्लॅनाड म्हणजे आयुष्य' असं एक वाक्यच रूढ झालंय. अर्धं थट्टेनं, अर्धं मनापासून म्हटलेलं.

मी ही मालिका दोनदा बघितली. पहिल्यांदा १९व्या वर्षी, होस्टेलच्या खोलीत, पांघरुणात मोबाइल धरून. दुसऱ्यांदा गेल्या वर्षी, २८व्या वर्षी. दोन्ही वेळा रडलो, पण रडायच्या जागा वेगळ्या निघाल्या. पहिल्यांदा जिथे डोळे सुजले होते तिथे दुसऱ्यांदा मी जवळजवळ कोरडा होतो. आणि जो प्रसंग पहिल्यांदा नीट लक्षातही राहिला नव्हता, तिथे व्हिडिओ थांबवून बाहेर गॅलरीत जाऊन उभं राहावं लागलं. असं का झालं, ते शोधायला हा लेख लिहितोय.

(पुढे सगळी गोष्ट शेवटासकट सांगितली आहे. बघायची असेल तर आधी बघून या. लेख कुठे जात नाही.)

*

'क्लॅनाड' मुळात एक गेम. 'की' नावाच्या जपानी कंपनीनं २००४ साली आणलेली व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे चित्रं, संगीत आणि भरपूर मजकूर असलेली, मधेमधे आपण पर्याय निवडत पुढे न्यायची गोष्ट. तिच्या लेखकांमधलं मुख्य नाव जुन माएदा. क्योतो ॲनिमेशननं तिची मालिका केली, दिग्दर्शक तात्सुया इशिहारा. पहिला सीझन २००७च्या ऑक्टोबरपासून २००८च्या मार्चपर्यंत दाखवला गेला, आणि 'आफ्टर स्टोरी' हा दुसरा सीझन २००८च्या ऑक्टोबरपासून २००९च्या मार्चपर्यंत. 'क्लॅन' हा आयरिश भाषेतला शब्द कुटुंबाच्या, मुलाबाळांच्या अर्थाचा. नाव तिथून आलं.

तोमोया ओकाझाकी हा बारावीच्या वयाचा मुलगा. शाळेत उशिरा येणारा, कशातच रस नसलेला. त्याला आपलं गाव आवडत नाही. आई लहानपणीच अपघातात गेली. वडील, नाओयुकी, दारू आणि जुगारात बुडालेले. एकदा बापलेकाचं भांडण हातघाईवर आलं आणि तोमोयाच्या उजव्या खांद्याला कायमची इजा झाली. तो हात खांद्याच्या वर जात नाही. बास्केटबॉल सुटला, आणि घरी वेळेवर जायचं कारणही सुटलं.

शाळेकडे जाणाऱ्या चढाच्या पायथ्याशी, चेरीच्या झाडांखाली, त्याला नागिसा भेटते. सारखी आजारी पडल्यामुळे तिचं एक वर्ष वाया गेलंय, बरोबरीची सगळी पुढे निघून गेलीत. चढ चढायचा धीर येत नाही म्हणून ती स्वतःशीच आवडत्या पावाचं नाव घेते. तिच्या आईवडिलांची, सानाए आणि आकिओची, पावाची छोटी बेकरी आहे. सानाए नवनवे भयंकर पाव करते, आकिओ त्यांची चेष्टा करतो, ते ऐकून ती रडत रस्त्यावर पळते आणि तो ते पाव तोंडात कोंबून 'मला आवडतात' असं ओरडत तिच्या मागे धावतो. हा विनोद इतक्या वेळा होतो की पहिल्यांदा बघताना मी चक्क कंटाळून पुढे ढकलायचो.

दुसऱ्यांदा काहीच पुढे ढकललं नाही. कारण एव्हाना कळलं होतं की ही मालिका आपल्याला रडवते ती याच कंटाळ्याच्या जोरावर. तोच चढ, तीच बेकरी, तेच पाव, नागिसाचं तेच दांगो कुटुंबाचं गाणं. दांगो म्हणजे तांदळाच्या पिठीचे छोटे गोळे, काडीला ओवून खातात. नागिसाला त्या गोळ्यांचं एक मोठं कुटुंब दिसतं. चाळीसेक भाग आपण या गावात राहतो. मग जेव्हा काहीतरी तुटतं, तेव्हा ते आपल्या ओळखीचं असतं.

*

प्रेमकथा असलेल्या बहुतेक मालिका 'मला तू आवडतेस' इथे संपतात. 'आफ्टर स्टोरी' तिथून सुरू होते. तोमोया शाळेनंतर इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली लागतो. खांब, वायरी, शिडी, आणि वर न जाणारा एक हात. चांगली नोकरी मिळायची वेळ येते तेव्हाच वडिलांना अटक होते आणि ती संधी जाते. तरीही तो नागिसाशी लग्न करतो. एका खोलीचा संसार. ती गरोदर राहते, आजार पुन्हा डोकं वर काढतो. बर्फाच्या वादळात हॉस्पिटलला पोहोचता येत नाही, बाळंतपण घरातच होतं. मुलगी जन्मते, उशिओ. नागिसा तिला बघते आणि जाते.

हा १६वा भाग. १९व्या वर्षी मी इथे रडलो, आणि माझ्या ओळखीचे बहुतेक जण इथेच रडले. त्यात चूक काही नाही. पण ते रडणं सोपं होतं. चांगली मुलगी मेली, वाईट वाटलं, रडलो. उशीच्या खोळीला डोळे पुसले आणि मित्राला मेसेज टाकला की 'झालं बघून'.

त्या वेळी नाओयुकीबद्दल मला एकच गोष्ट वाटायची: चीड. आणि ही चीड मालिकेनं मोठ्या कसबानं तयार केलेली आहे. हा बाप घरात आरडाओरडा करताना दिसत नाही. तो जमिनीवर, बाटल्यांच्या आणि कागदांच्या पसाऱ्यात बसलेला असतो, आणि मुलगा घरी आला की सौम्यपणे, पाहुण्याशी बोलावं तसं बोलतो. त्याला 'तोमोया-कुन' म्हणतो. जपानीत 'कुन' शिक्षक विद्यार्थ्याला लावतात, साहेब हाताखालच्या पोराला लावतो. बापानं स्वतःच्या मुलाला ते लावलं की मधे भिंत उभी राहते. मराठीत सांगायचं तर, रात्री तुम्ही घरी आलात आणि वडील म्हणाले, "या तोमोयाराव, आज उशीर झाला आपल्याला?" तेही टोमणा न मारता, अगदी मनापासून. शिवी परवडली. तोमोया त्या हाकेला घाबरून घराबाहेर पळतो, आणि आपण त्याच्याबरोबर पळतो.

*

नागिसा गेल्यानंतरची पाच वर्षं मालिका भराभर उरकते. तोमोया कामाला जातो, दारू पितो, सिगारेटी ओढतो, झोपतो. मुलगी आजी-आजोबांकडे, म्हणजे सानाए-आकिओकडे वाढते. तो अधूनमधून जातो, पण तिच्याशी काय बोलायचं ते त्याला कळत नाही. मग सानाए एक बेत रचते. सगळे मिळून सहलीला जाऊ म्हणते आणि ऐनवेळी चिठ्ठी ठेवून दोघं नवराबायको गायब होतात. पाच वर्षांची उशिओ आणि तिचा जवळजवळ अनोळखी बाप आगगाडीत एकटे उरतात.

१८व्या भागात ते एका फुलांच्या माळावर पोहोचतात. तोमोयानं वाटेत घेऊन दिलेला खेळण्यातला रोबो उशिओ तिथे हरवते. दुसरा घेऊ म्हटलं तर नको म्हणते. कारण बाबानं घेऊन दिलेली ती पहिली वस्तू होती. ती शोधत राहते. आणि तेवढ्या वेळात, माळाच्या टोकाशी समुद्राकडे बघत उभ्या असलेल्या एका म्हातारीची तोमोयाशी गाठ पडते. ती शिनो, नाओयुकीची आई. तोमोयाची आजी.

आजी जे सांगते ते थोडक्यात असं: तुझ्या वडिलांनी शिक्षण सोडून लग्न केलं. तुझी आई आत्सुको गेली तेव्हा तू लहान होतास. तुला घेऊन तो याच ठिकाणी आला होता. इथेच त्यानं ठरवलं की या पोराला मी माझ्या हातानं मोठं करीन. मग तो मिळेल ते काम करत राहिला, नोकऱ्या सुटत गेल्या, सगळं हातातून निसटत गेलं. बाप म्हणून तो कमी पडला असेल. पण तुझा हात त्यानं सोडला नव्हता.

आणि तोमोयाला आठवतं. तो माळ, त्याचा इवलासा हात, तो धरून चालणारे वडील, त्यांनी दिलेला खाऊ.

१९व्या वर्षी हा प्रसंग माझ्यासाठी फक्त पुढच्या प्रसंगाची तयारी होता. पुढचा प्रसंग सगळ्यांना माहीत आहे: तोमोया धावत उशिओकडे जातो. ती रडू आवरून उभी आहे, कारण रडायचं कुठे ते सानाए आजीनं शिकवलंय. संडासात, नाहीतर बाबाच्या कुशीत. तो तिला कुशीत घेतो. तिथे मी तेव्हाही रडलो होतो.

दुसऱ्यांदा बघताना मी आजीपाशीच अडकलो. कारण इथे मालिका शांतपणे एक हिशेब समोर मांडते, जो मला आधी दिसलाच नव्हता. दोन तरुण, दोघांच्या बायका अकाली गेलेल्या, दोघांच्या पदरी लहान मूल. एकानं मूल स्वतःजवळ ठेवलं, त्याच्यासाठी राबला, आणि राबता राबता मोडला. दुसऱ्यानं मूल सासुरवाडीला ठेवलं आणि पाच वर्षं मान फिरवली. ज्या बापाला आपण तीस-पस्तीस भाग नावं ठेवली, तो निदान या एका बाबतीत आपल्या नायकापेक्षा बरा निघतो. आणि तोमोयाच्या डोळ्यांनी बघत आलेले आपण त्याच्याबरोबर पकडले जातो.

'फॅमिली ॲनिमे' म्हणून 'क्लॅनाड'चं कौतुक करताना लोक आकिओ-सानाएचं नाव घेतात. त्यांनी आजारी लेकीसाठी स्वतःची स्वप्नं सोडली, नाटकाचं त्यानं, शिकवण्याचं तिनं, आणि लेकीचं स्वप्न तेच आपलं मानलं. ते आहेच. पण असे आईबाप सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत. नाओयुकी पुष्कळांच्या वाट्याला येतो. कुटुंबाची खरी कसोटी मला इथे दिसते: ज्याच्यावर प्रेम करणं सोपं नाही, त्याचं काय करायचं?

आपल्याकडे आईसाठी रडायची सोय आहे. 'श्यामची आई' पुस्तक आहे, सिनेमा आहे, शाळेत धडे आहेत. बापासाठी, आणि तेही हरलेल्या, पिणाऱ्या बापासाठी, कुठे आणि कसं रडायचं हे आपल्याला फारसं कुणी शिकवत नाही.

*

आता आक्षेप. तीन आहेत, आणि तिन्ही मला खरे वाटतात.

पहिला: हे सगळं शेवटी 'आईबापांनी खूप खस्ता खाल्ल्या, त्यांना माफ करा' या उपदेशावर येत नाही का? हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकतोय, आणि मार खाल्लेल्या मुलांना गप्प बसवायला तो फार उपयोगी पडतो. मलाही ही भीती होती, म्हणून पुढचा भाग मी मुद्दाम सावकाश बघितला. तोमोया उशिओला घेऊन वडिलांच्या घरी जातो. पसारा तसाच आहे. तो त्यांना सांगतो की आता पुरे, आता विश्रांती घ्या, तुमच्या आईकडे जा. आणि नाओयुकी विचारतो की आपलं जे काम होतं ते आपण पुरं केलं का. तोमोया हो म्हणतो.

या प्रसंगात खांद्याचा हिशेब मिटवला जात नाही. झालं ते योग्य होतं असं कुणी म्हणत नाही. बापलेक एका घरात राहायला लागतात असंही नाही. उलट ते निरोप घेतात. तोमोया वडिलांना फक्त एका माणसाएवढं बघतो. तो २०-२२ वर्षांचा असताना कसा असेल, हे त्याला दिसतं. याला माफी म्हणायचं की नाही मला माहीत नाही. पण उपदेश नक्कीच नाही.

दुसरा: बायका मरतात आणि पुरुष शहाणे होतात. आत्सुको मेली, नागिसा मेली, पुढे उशिओसुद्धा. नागिसाचं चित्रण तर फारच भाबडं आहे. मोठाले डोळे, सारखी माफी मागणं, आजारपण. तिला स्वतःसाठी काय हवं होतं, ते नाटकाच्या प्रसंगानंतर जवळजवळ विचारलंच जात नाही. हा आक्षेप मी खोडू शकत नाही. एवढंच म्हणेन की घराची सगळी डागडुजी या गोष्टीत बायका करतात, आणि मालिकेला ते ठाऊक आहे. पोर वाढवते सानाए, सहल रचते सानाए, खरं सांगते शिनो. उशिओ बापाकडे राहायला गेल्यावर आकिओ सानाएला म्हणतो की आता तू रडू शकतेस, आणि ती कोसळते. म्हणजे पाच वर्षं ती स्वतःच्या मुलीसाठी रडलीच नव्हती. जावयाचं रडं संपेपर्यंत तिनं आपलं थोपवून धरलं होतं. ते बघताना मला माझी आई आठवली.

तिसरा आक्षेप शेवटाचा. उशिओलाही आईसारखाच ताप येतो. ती बापाबरोबर पुन्हा सहलीला जायचा हट्ट धरते आणि बर्फात, त्याच्या हातांत मरते. मग मालिका काळच मागे फिरवते. नागिसा बाळंतपणातून वाचते, उशिओ मोठी होते, सगळे सुखी. पुष्कळांना ही फसवणूक वाटते. गेममध्ये ती तितकी वाटत नाही, कारण तिथे खेळणाऱ्यानं आधी गावातल्या इतर माणसांच्या गोष्टी पार पाडून प्रकाशाचे गोळे जमवलेले असतात. शेवट कमवावा लागतो. मालिकेत ते गोळे नुसते तरंगताना दिसतात, आणि चमत्कार आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

पण दुसऱ्यांदा बघताना मला त्या आधीचा एक क्षण महत्त्वाचा वाटला. नागिसा गेल्यावर तोमोयाला वाटलं होतं की आपण भेटलोच नसतो तर बरं झालं असतं. शेवटी तो पुन्हा त्याच चढावर उभा आहे, ती पुढे चाललीय, आणि हाक मारायची की नाही हे त्याच्या हातात आहे. तो हाक मारतो. पुढे काय वाढून ठेवलंय हे माहीत असून.

माझी तक्रार वेगळीच आहे. हा चमत्कार एकाच पिढीला मिळतो. तोमोयाला नागिसा परत मिळते, पण आत्सुको परत येत नाही. नाओयुकीची ती वर्षं कुणी मागे फिरवत नाही. त्यानंही कधीतरी तसंच म्हटलं असेल की भेटलोच नसतो तर. त्याच्यासाठी कुठे गोळे तरंगत नाहीत. त्याच्या वाट्याला आला तो फक्त मुलाचा एक 'हो'. चाळीसेक भागांत जादूशिवाय जुळलेली मोठी गोष्ट तेवढीच, आणि म्हणून मला ती शेवटापेक्षा खरी वाटते.

*

आता ती गॅलरी.

आम्ही इचलकरंजीचे. अण्णा यंत्रमागावर कामाला होते. मी आठवीत असताना त्यांचा कारखाना बंद पडला आणि ते प्यायला लागले. दहावीच्या वर्षी त्यांनी माझी सायकल मला न विचारता विकली. मी एक दिवस शाळेतून आलो तर भिंतीपाशी नुसतं स्टँडचं ओरखड्याचं निशाण. त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायला लागलो, आणि पुण्यात नोकरी लागल्यावर कामही उरलं नाही. दारू त्यांनी पुढे सोडली. तोवर मला सवय झाली होती.

ते रविवारी फोन करतात. पहिलं वाक्य ठरलेलं: "कामात हाईस काय? मग नंतर करतो." स्वतःच्या पोराला फोन करून आधी परवानगी मागणारा माणूस. मला ते कित्येक वर्षं शहाणपणाचं वाटायचं. त्रास नको म्हणून विचारतात बिचारे. 'तोमोया-कुन' दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मला ते वाक्य ऐकू आलं.

माझी आजी आता नाही. दिवाळीत गावी गेलो तेव्हा आत्याला विचारलं, अण्णा माझ्या वयाचे असताना कसे होते. तिला आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, "तुला लहानपणी दम लागायचा. तो रात्रपाळी करून यायचा, आणि तू झोपेपर्यंत खांद्यावर घेऊन अंगणात येरझाऱ्या घालायचा. खाली बसला की तू उठायचास, म्हणून बसायचाच नाही." सायकलचंही विचारलं. ती दारूपायीच गेली होती. आत्यानं ते लपवलं नाही.

म्हणजे दोन्ही खरं आहे, आणि एकानं दुसरं खोडलं जात नाही. हे मला एका जपानी कार्टूनकडून कळावं याची थोडी लाज वाटते, पण कळलं.

परवा रविवारी फोन आला. "कामात हाईस काय?" मी कामात होतो. "नाही," म्हटलं. मग दोघांनाही काय बोलावं सुचेना. त्यांनी पुण्यात पाऊस आहे का विचारलं. मी आहे म्हणालो, तिकडे आहे का विचारलं. ते म्हणाले, काल झाला, आज उघडीप आहे. मग पंचगंगेच्या पाण्याचं निघालं, मग शेजारच्यांच्या नव्या शेडचं. एरवी दीड मिनिटात संपणारा फोन सात मिनिटं चालला. सायकलचा विषय अजून कुणीच काढलेला नाही.